एक्स-रे, एमआरआय की रेडिओथेरपी? डिचोलीच्या एका मुलीच्या पत्राला उत्तर

पत्र:

मावशी, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, वय २३. बेळगावला मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी केली, गेल्या महिन्यात इंटर्नशिप संपली. बाबांचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, २०१८ ला दुसरा. शिक्षणाचं कर्ज माझ्या नावावर आहे. आता समोर तीन वाटा आहेत. पणजीच्या एका डायग्नोस्टिक सेंटरात एमआरआयवर नोकरी मिळतेय, २२ हजार, दिवसपाळी, पण दोन वर्षांचा बाँड. एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि सीटीवर कंत्राटी जागा आहे, १८ हजार आणि रात्रपाळ्या. नाहीतर मुंबईला जाऊन रेडिओथेरपी शिकायची, म्हणजे पुन्हा शिक्षण, पुन्हा खर्च. लंडनची आत्या म्हणते, सोनोग्राफर हो, इकडे फार मागणी आहे. आई म्हणते, रेडिएशनमधली नोकरी नकोच, उद्या लग्न व्हायचंय, मुलंबाळं व्हायचीत. भाऊ म्हणतो, पाच वर्षांत एआय हे सगळं खाणार. मला एमआरआयचं फिजिक्स आवडतं, पण इंटर्नशिपमध्ये दिवसभर काचेमागे बसून घरी आले की रिकामं रिकामं वाटायचं. एक्स-रेच्या खोलीत पाय दुखायचे, पण तसं कधी वाटलं नाही. मी काय निवडू? (नाव छापू नका.)

उत्तर:

बाय,

आधी तुझ्या आईचं बोलू. घरात रोज जेवताना तोच विषय निघत असेल तर बाकीचा विचार धड होणार नाही. तिची भीती मी खोटी म्हणणार नाही. मी ३१ वर्षं एक्स-रे विभागात काढली, माझी दोन्ही मुलं त्याच नोकरीत असताना झाली, आणि माझ्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला नेमकं हेच म्हटलं होतं. या भीतीला इतिहास आहे. राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले आणि वर्ष उलटायच्या आत डॉक्टर ते वापरू लागले. जपायचं कशापासून हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या हातांची कातडी जळली, बोटं कापावी लागली, कॅन्सर झाले. आज आपण शिशाच्या काचेमागे उभं राहून बटण दाबतो ते त्या माणसांमुळे.

आईला आकडे सांग. आपल्याकडे या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं लक्ष असतं. हे मंडळ १९८३ पासून आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणांचा डोस मोजायचं एकक) जास्त डोस मिळता कामा नये, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर तर नाहीच. आता तुलना कर. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून जगातल्या कुठल्याही माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, मग तो कधी हॉस्पिटलची पायरी चढलेला असो वा नसो. छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला ०.१ मिलिसिव्हर्टहूनही कमी डोस मिळतो. पोटाच्या सीटीत बराच जास्त, आठ-दहाच्या आसपास. पण हा सगळा हिशेब टेबलावर झोपलेल्या पेशंटचा आहे. तू भिंतीपलीकडे असतेस. पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात गेलीस तर शिशाचा एप्रन घाल आणि केबल जेवढी ताणता येईल तेवढी ताणून लांब उभी राहा, कारण अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथा हिस्सा उरते. माझ्या डोस मोजणाऱ्या बॅजचे आकडे बहुतेक तिमाहींत नोंदवण्याजोगेही नसायचे.

बॅजवरून सांगते. टीएलडी बॅज छातीवर लावायचा, एप्रन घातला तर एप्रनच्या आत. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि तुझ्या नावावर आकडा येतो. माझ्या पहिल्या नोकरीत, एका खासगी क्लिनिकात, मालकांनी सात महिने मला बॅजच दिला नाही. मागितला की "पुढच्या महिन्यात येतोय" म्हणायचे. मी वयानं लहान, नोकरीची गरज, गप्प बसले. त्या सात महिन्यांत फार काही मिळालं नसेल असं माझं मन सांगतं, पण त्याचा कागद माझ्याकडे नाही. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा रात्र रात्र मला त्याच सात महिन्यांनी छळलं. म्हणून तुला सांगते, तू कुठेही रुजू हो, पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचार: माझा बॅज कधी येणार, मशीनचा एईआरबीचा परवाना कुठे लावलाय, आणि इथला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण. विचारल्यावर कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर ती जागा तुझी नाही.

दिवस गेल्याचं कळलं की लगेच लेखी कळवायचं. तिथून पुढे बाळंतपणापर्यंत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर मिळू नये असा दंडक आहे. सामान्य माणसाला वर्षाकाठी जी मर्यादा, तीच बाळाला. त्यासाठी तुला कॅथलॅब, फ्लुरोस्कोपी, ऑपरेशन थिएटरचा सी-आर्म या किरण चालू असताना जवळ उभं राहायच्या कामांपासून बाजूला ठेवायचं ही व्यवस्थापनाची जबाबदारी. तो तुझा हक्क आहे, त्यासाठी कुणाचे उपकार मानायचे नाहीत.

आणि आईला एमआरआय बिनधोक वाटत असेल, तर तेवढंही खरं नाही. त्यात हे किरण नाहीत, हे बरोबर. पण दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं आणि ते कधीच बंद नसतं. रात्री दिवे मालवून कुलूप लावून घरी गेलीस तरी ते चालूच. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला, सिलिंडरसकट खेचला गेला आणि मेला. एमआरआयवरची चांगली टेक्नॉलॉजिस्ट कोण, तर जी दारात उभी राहून दहाव्यांदा तोच प्रश्न तितक्याच गंभीरपणे विचारते: खिशात काय आहे, अंगात काय आहे, पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का. आपल्याकडे खाणीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेली माणसं येतात. त्यांना हा शेवटचा प्रश्न विचारायचा म्हणजे विचारायचाच. बाबांना विचारून बघ, त्यांच्या ओळखीतली असली चारदोन माणसं तरी निघतील.

भावाचं. २०१६ साली जेफ्री हिंटन या एआयमधल्या फार मोठ्या शास्त्रज्ञानं म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, यंत्रं त्यांच्यापेक्षा चांगलं वाचतील. त्याला कितीतरी वर्षं झाली. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत आणि त्यांचा तुटवडाही आहे. शिवाय तो बोलत होता रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांबद्दल. तू प्रतिमा घेणारी आहेस. तुझ्या कामात एआय आलाच आहे: एमआरआयचा वेळ कमी करतो, सीटीच्या टेबलावर पेशंट मधोमध आहे का ते कॅमेऱ्यानं बघतो, छातीच्या फिल्मवर संशयाची जागा दाखवतो. त्यामुळे नोकरी जाईल असं मला वाटत नाही. दिवसाचे पेशंट मात्र वाढतील. जिथे बारा एमआरआय व्हायचे तिथे वीस करा म्हणतील. ज्या मुलीला फक्त ठरावीक प्रोटोकॉल निवडून बटण दाबता येतं तिला त्या गर्दीत त्रास होईल. जिला समोरच्या माणसाचं अंग कळतं तिला होणार नाही. भावाला आणखी एक सांग: पाय मोडलेल्या माणसाला टेबलावर घेणारं यंत्र अजून आलेलं नाही.

आत्याची गोष्ट वेगळी आहे. ती तिकडचं खरं तेच सांगतेय. इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात सोनोग्राफर हा डॉक्टर नसलेला, स्वतंत्र शिकलेला माणूस असतो. आपल्याकडे तसं नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे आणि त्यामुळे सोनोग्राफीचा प्रोब डॉक्टरांच्याच हातात राहतो. इथे त्या खोलीत तुझ्या वाट्याला येणार पेशंटला हाक मारणं, जेल लावणं, गरोदर बाईचा या कायद्याखालचा एफ फॉर्म भरून घेणं. तुला सोनोग्राफर व्हायचंच असेल तर तिकडे जाऊन, तिकडचं शिकून, तिकडेच राहायचं आहे. हा वेगळा संसार आहे, इथल्या तीन वाटांत तो मिसळू नकोस. पण आत्याकडून एक काम करून घे. रेडिओग्राफर म्हणून इंग्लंडात काम करायला एचसीपीसी या मंडळाची नोंदणी लागते. तुझ्या पदवीतले कोणते विषय, किती तास, किती क्लिनिकल हे ते विचारतात. कॉलेजकडून हा तपशील सही-शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेव. पाच वर्षांनी तो कागद मिळवायला बेळगावच्या चार खेपा घालाव्या लागतील. दुबईला जायचं म्हटलंस तरी हाच कागद लागेल. आणि आपल्याकडेही २०२१ च्या कायद्यानं आपल्या व्यवसायाची राष्ट्रीय पातळीवर नोंदणी व्हायची आहे, तिथेही तासांचाच हिशेब आहे.

आता मुख्य गोष्ट. तू मला तीन मशीनं दिलीस आणि कुठलं निवडू असं विचारलंस. माझ्या हाताखाली ज्या मुली शिकल्या त्यांना मी मशीन कधी विचारलं नाही. मी विचारायची, एका माणसाबरोबर तुला किती वेळ घालवायचाय? सगळा फरक त्यात आहे.

एक्स-रेत तुला मिळतात तीन ते पाच मिनिटं. तेवढ्यात अनोळखी माणसाला कपडे काढायला सांगायचं, दुखऱ्या जागी हात लावायचा, त्याचा विश्वास मिळवायचा, फिल्म घ्यायची, आणि दार उघडलं की पुढचा. आपल्या गोव्यात त्यात भाषांची भर. एका सकाळी मी "दम धरा", "सांस रोको" आणि कानडी मजुराला "उसिरु हिडी" असं ओळीनं म्हटलेलं आहे, आणि त्यानंतर आलेल्या रशियन बाईला स्वतः गाल फुगवून दाखवलं. सीटीत वेळ थोडा जास्त, पण ताण वेगळा. रात्री दोन वाजता भाड्याच्या स्कूटरवरून पडलेला पोरगा येतो, नाहीतर बोलता बोलता तोंड वाकडं झालेले आजोबा येतात. पक्षाघाताचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं असतं, आणि ते देण्याआधी डोक्यात रक्तस्राव नाही हे तुझ्या सीटीतून कळायचं असतं. बाहेर डॉक्टर उभे, नातेवाईक उभे. स्कॅन काही सेकंदांचा. आजोबांचं डोकं सरळ ठेवणं, त्यांना शांत करणं, यात तुझी कसोटी.

एमआरआयत एक माणूस वीस ते चाळीस मिनिटं तुझा असतो, पण मध्ये काच असते. तू माइकवरून बोलतेस, तो ठकठक आवाजात पडून असतो. तुझं लक्ष पडद्यावर. ज्यांना सिक्वेन्स जमवणं, कोन लावणं, सिग्नलमधून चित्र काढणं यात जीव रमतो त्यांच्यासाठी याहून सुंदर काम नाही, हे मी मनापासून म्हणते. माझी एक मैत्रीण त्यातच निवृत्त झाली, एक दिवस कंटाळलेली पाहिली नाही. पण ती संध्याकाळी रिकामी होऊन घरी जात नव्हती. तू जात होतीस, आणि ते तूच लिहिलंयस.

रेडिओथेरपीत तोच माणूस रोज येतो. आठवड्याचे पाच दिवस, पाच ते सात आठवडे. रोजची पंधरा मिनिटं. मी त्यात कधी काम केलं नाही, पण एका प्रशिक्षणासाठी मुंबईला दोन आठवडे उभी राहून पाहिलं. पहिल्या दिवशी घशाच्या कॅन्सरच्या पेशंटचा मास्क करतात, उपचारात डोकं हलू नये म्हणून. प्लास्टिकची जाळीदार कडक पाटी गरम पाण्यात बुडवली की दोन मिनिटांत मऊ आणि पारदर्शक होते, ओल्या कपड्यासारखी. दोघीजणी ती दोन टोकांना धरतात आणि चेहऱ्यावर ओढून टेबलाला अडकवतात. मग एक जण नाकाच्या कडेनं, हनुवटीखालून, कपाळावरून बोटांनी ती दाबत राहते, थंड होऊन पुन्हा कडक होईपर्यंत. त्या मिनिटांत पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, बोलता येत नाही. मी पाहिलेली टेक्नॉलॉजिस्ट पूर्ण वेळ त्याच्या कानाशी हळू बोलत होती: आता ऊब वाटेल, आता घट्ट वाटेल, श्वास नाकानं घ्या, मी इथेच आहे. दोन आठवड्यांनी तोच माणूस हातात फाइल घेऊन आला तेव्हा त्यानं तिला आपल्या नातवाच्या निकालाचं सांगितलं. आणि हेही सांगते की त्याच वॉर्डात एका सोमवारी एक खुर्ची रिकामी राहिली आणि तिनं यादीतून नाव काढताना किती वेळ लावला ते मी पाहिलं. हे पेलणारं मन लागतं. तू शिकलेलं इमेजिंग तिथे वाया जात नाही, उलट लिनॅकवर, म्हणजे उपचाराचे किरण देणाऱ्या यंत्रावर, रोज उपचाराआधी प्रतिमा घेऊन जागा जुळवावी लागते.

न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून स्कॅन करणं, तू लिहिलं नाहीस. थोडक्यात सांगते: तिथे घड्याळाशी स्पर्धा आहे. पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, टेक्नेशियम-९९एम सहा तासांत. औषध मोजणं, टोचणं, वेळेत स्कॅन करणं. त्याचंही शिक्षण वेगळं. तुझ्या पत्रात त्याची ओढ कुठे दिसली नाही, म्हणून सोडून देते.

तर माझं मत. हॉस्पिटलची १८ हजारांची जागा घे. दोन वर्षं एक्स-रे आणि सीटी, रात्रपाळ्यांसकट. आणि त्या दोन वर्षांत रेडिओथेरपीचं नक्की कर.

का ते सांगते. तुझे पाय दुखायचे पण रिकामं वाटायचं नाही. अशा मुलीला माणसाला हात लावायला मिळाला पाहिजे. आणि हात बसतो तो याच खोलीत. माझा सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सत्तरी तालुक्यातून एक आजी आणली होती, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाय घसरून पडलेली. उजवं पाऊल बाहेर वळलेलं, पाय आखूड दिसत होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की कमरेच्या फिल्मला दोन्ही पावलं आत वळवा. मी सवयीनं तिचं पाऊल धरलं. ती ओरडली नाही, तिनं फक्त माझं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाली, "बाये, हालय नाका." तेवढ्यात माझ्या सीनियरनं माझा हात बाजूला केला. त्या मोडलेल्या पायाला त्यांनी बोटही लावलं नाही. चांगला पाय उचलून आधारावर ठेवला, फिल्मची कॅसेट कमरेच्या बाजूला उभी लावली, ट्यूब आडवी फिरवली आणि मोडलेल्या पायाला धक्का न लावता बाजूची फिल्म घेतली. मांडीच्या हाडाच्या मानेत मोड स्वच्छ दिसत होता. आजीला बाहेर नेताना त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "पाऊल बघितलं होतंस?" बघितलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या हातापर्यंत पोचला नव्हता. हे वीसाव्या, पन्नासाव्या, दोनशेव्या पेशंटला येतं. एमआरआयच्या सेंटरात दोन वर्षं काढून मग एक्स-रेकडे वळणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांना ही पायरी खूप जड गेली. उलट दिशेनं जाणाऱ्यांना एमआरआय सहा महिन्यांत येतं.

आता पैशाचं, कारण ते टाळून सल्ला देणं मला पटत नाही. दोन नोकऱ्यांत महिन्याला चार हजारांचा फरक, म्हणजे दोन वर्षांत ९६ हजार. ट्रक विकलेल्या घराला ही लहान रक्कम नाही. बँकेत जाऊन विचार, कर्जाचा हप्ता केव्हापासून आणि किती. शिक्षणकर्जाला बहुधा कोर्सनंतर काही महिन्यांची सवलत असते, ती तुला किती उरली आहे बघ. १८ हजारांत हप्ता, बसभाडं किंवा खोलीभाडं आणि घरी द्यायचे पैसे बसत असतील तर हॉस्पिटल. अगदीच बसत नसतील तर एमआरआयची नोकरी घे आणि त्यात कमीपणा मानू नकोस, पण दोन अटी घाल. बाँड एक वर्षाचा करा म्हण, आणि आठवड्यातून दोन दिवस त्याच सेंटरच्या एक्स-रेवर किंवा सीटीवर लावा म्हण. नवं माणूस शिकवायचा खर्च होतो म्हणून बाँड मागणं मी समजू शकते. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं मात्र मी समजू शकत नाही. मार्कशीट, पदवी, जन्मदाखला, काहीही मूळ कागद कुणाच्या कपाटात ठेवू नकोस. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायचं. आणि बाँड मोडला तर किती भरायचे हा आकडा लेखी नसेल तर सही करू नकोस.

हॉस्पिटलकडूनही लेखी घे: महिन्याला किती रात्री, रात्रीनंतर सुट्टी मिळते का, पीएफ कापतात का, सीटीवर किती दिवस लावणार. "बघू" म्हणाले तर सीटी मिळणार नाही असं समज. रात्री परतायचं कसं हेही विचार. डिचोलीची शेवटची कदंब बस किती वाजता हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि चतुर्थीची पाळी कशी लावतात ते विचारून घे. आपल्याकडे घरात गणपती असताना ड्यूटीवर जाणं किती जड जातं हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पहिल्या वर्षी नव्या मुलीलाच लावतात. तू तयारी ठेव, आईचीही करून ठेव.

सरकारी जागांवर लक्ष असू दे. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचा आझिलो, मडगावचा हॉस्पिसियो, फोंड्याचं इस्पितळ, यांच्या जाहिराती कधी येतील त्याचा नेम नसतो. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव. कोकणी यावीच लागते, मराठी असेल तर चांगलं. तुला दोन्ही येतात. अनुभवाचं पत्र मागतात तेव्हा त्यात एक्स-रे, सीटी, पोर्टेबल असं सुटं लिहून घे, नुसतं "टेक्निशियन म्हणून काम केलं" चालत नाही.

रेडिओथेरपीबद्दल शेवटचं. तुझ्या पदवीवर थेट त्या मशीनवर बसता येणार नाही, त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं. त्या नावाचे कोर्स पुष्कळ निघालेत. पैसे भरण्याआधी तो कोर्स एईआरबीच्या पात्रतेत बसतो का हे कोर्सवाल्यांकडून न विचारता एईआरबीच्या नियमांतून तपास. हॉस्पिटलशी जोडलेला, रोज पेशंटवर शिकवणारा असेल तरच जा. गोव्यात या कामाच्या जागा मोजक्याच राहणार, म्हणजे काही वर्षं मुंबईत किंवा बेळगावात काढायची तयारी हवी. आपल्याकडची माणसं वर्षानुवर्षं मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचाराला जात आलीत. तिथल्या रांगेत तुला कोकणी ऐकू येईल. त्यातल्या एखाद्या आजीला पहिल्यांदा मशीनखाली झोपताना कुणी तिच्या भाषेत "भियेवं नाका" म्हटलं तर काय होतं ते तू जाऊन बघ. प्रवेशाआधी एक आठवडा नुसतं बघायला परवानगी माग, बहुतेक चांगल्या विभागांत ती मिळते. त्या आठवड्याच्या शेवटी घरी येताना कसं वाटतं ते आईला सांग, जसं मला एमआरआयबद्दल सांगितलंस.

सोमवारी हॉस्पिटलला फोन कर आणि लेखी काय देताय ते विचार. बँकेत त्याच दिवशी जा. रुजू झालीस की बॅजची तारीख लिहून ठेव. तीन महिन्यांनी पहिला आकडा येईल, तो कागद आईच्या हातात दे आणि मला एक ओळ लिही.